हवाई अंतर

जावयाने मोबाइलवर काढून दाखवलं :
जळगाव ते हैदराबाद, सरळ रेषेत
पाचशे सात किलोमीटर.
विमानाने एक तास पंचवीस मिनिटं.

मोजणी खात्यात चौतीस वर्षं गेली माझी.
असा आकडा कुणी पुढ्यात टाकला
की तोंडातून आपसूक निघतं :
कुठल्या दगडापासून धरलं?

तो हसला. मामा, विमानतळ ते विमानतळ.

म्हणजे आमचं फैजपूर यात नाही.
बामणोद नाही, तापीचा पूल नाही,
केळीच्या ट्रकमागे रखडलेली पहाट नाही,
कुसुंब्याच्या माळावर खुर्चीत बसून
हिने चारदा उघडून पाहिलेली पिशवी नाही.
आणि मंगळवार तर नाहीच नाही.

त्या वर्षी मंगळवारी विमान नव्हतं.
हर्षदाला सातव्यातच कळा आल्या, त्या मंगळवारी.

रात्रभर मी जुनी पट्टी घेऊन नकाशावर बसलो.
एक सेंटिमीटरला पंचवीस किलोमीटर.
वीस सेंटिमीटर भरले, वर थोडं.
पुन्हा मोजले. तेवढेच.
ही म्हणाली, झोपा आता, मोजून जवळ येणार आहे का ते?

सुपडू तडवी माझा साखळीवाला होता.
तो म्हणायचा, सायेब, जमीन सरय नसते,
साखयी ताणली का तशी वाटते.

बुधवारी खिडकीची जागा मिळाली.
जामनेर तालुका मी अकरा वर्षं पायी मोजला होता,
बाभळीखाली डबा खाऊन, काट्यांत धोतर फाडून घेऊन.
विमानाने तो साडेतीन मिनिटांत उरकला.
दोन सख्ख्या भावांचा एक बांध होता तिथे,
तीनदा मोजणी, दोनदा अपील,
धाकट्याने माझ्यावर विळा उगारलेला.
कपाळ काचेला टेकवून शोधला.
वरून सगळी काळी एकच होती,
बांध कुठे दिसेना.
बरं वाटलं, आणि थोडा रागही आला.

मग अजिंठ्याचे डोंगर, मग ढग.
ढगात खुणेचा दगड नसतो.
हिने माझं मनगट धरून ठेवलं होतं,
घड्याळावरच, त्यामुळे
एक तास पंचवीस मिनिटं खरी की खोटी
ते मला सांगता येणार नाही.

दवाखाना तिथून पावणेदोन तास.
पोर काचेच्या पेटीत,
अकराशे चाळीस ग्रॅम, छातीवर तारा.
फरशीवर पिवळी पट्टी चिकटवलेली.
नर्स म्हणाली, पट्टीच्या अलीकडे थांबा.

हद्द मला समजते. थांबलो.
नजरेनेच माप घेतलं :
पट्टीपासून पेटीपर्यंत नऊ फूट,
माझ्या पावलांनी साडेतीन.
हे अंतर जावयाच्या मोबाइलमध्ये नव्हतं.

रोज तिथेच उभा राहायचो, सकाळी दहा ते सव्वादहा.
अकराशे साठ. अकराशे पंचावन्न. त्या दिवशी जेवलो नाही.
अकराशे नव्वद.
वहीत तारीख, वजन, वेळ.
सवयीने शेजारी एक छोटा कच्चा नकाशाही,
दार, पट्टी, पेटी,
उत्तर दिशेचा बाण.

बाविसाव्या दिवशी दुसरी नर्स होती.
हात धुतलेत ना आजोबा, म्हणाली, मग या की पुढे.

साडेतीन पावलं.
किती वेळ लागला,
ते लिहायचं राहून गेलं.