आवाज सांगा

नऊच्या आत आटपावं लागतं सगळं.
नंतर जनकगंजातल्या या पत्र्याच्या शेडमध्ये
पान्याला हात लावता येत नाही, मे आहे.

चौघं येतात.
बिडव्यांचा पुष्कर, कुशवाहांचा दीपेश,
आफरीन, आधी ओढणी कमरेला खोचते, मग बोलते,
आणि शितोळ्यांची अन्वी,
ती बोलतच नाही.

मधोमध, पोत्यावर,
सराफ्यातून भंगारात निघालेला जनरेटर.
पेट्रोलवर सुरू व्हायचा, घासलेटवर चालायचा.
वीज जायची त्या काळात
अशी चाळीस यंत्रं एका गल्लीत एकदम कोकलायची
आणि त्यांच्यामधून मी पेटी घेऊन फिरायचो.
त्यांनी पोट भरलं,
कान नेले.
मला तरी हिशेब चुकीचा वाटत नाही.

म्हणून पहिल्याच दिवशी सांगून टाकलं,
डावा गेलाय, उजव्यात थोडी धुगधुगी आहे.
हात मी दाखवीन,
आवाज तुम्ही सांगा.

ओढ, दाब, भडका, धूर.
एवढं पाठ करून घेतलं.
पिस्टन खाली, हवा नि इंधन आत.
पिस्टन वर, दोन्ही झडपा बंद, कोंडी.
मग ठिणगी. तेवढ्या एका धक्क्यात काम,
बाकी नुसती तयारी आणि आवराआवर.
"चार में से कमाता एक ही है," दीपेश म्हणाला,
"हमारे घर जैसा."
कोणी हसलं नाही. मग तोच हसला.
मी फ्लायव्हील दाखवलं,
हे जड चाक तो एक धक्का साठवून ठेवतं
आणि रिकाम्या फेऱ्या ओढून नेतं.
दीपेश त्या चाकाकडे
जरा जास्त वेळ बघत राहिला.

(इंजिन म्हणजे आयुष्य वगैरे मी शिकवत नाही.
इंजिन म्हणजे इंजिन.)

प्लग काळा होता, ओला. घासला.
फट हॅकसॉच्या पात्यानं मोजली.
जेटचं भोक केवढं, पुष्करनं विचारलं,
तर आफरीननं डोक्यावरचा एक केस उपटला
आणि ओवून दाखवला.

दोरी ओढली.
काय म्हणतंय?
"खडखड," पुष्कर.
कसली? डब्यातल्या खिळ्यांची की बैलगाडीची?
त्यानं बैलगाडी ऐकलेलीच नाही.
"फुस्स," आफरीन म्हणाली,
"कुकरची रिंग सैल असते ना, तसं."
शाबास. प्लग अजून पाव फेरा आवळला.

या शहरात आवाजाला फार मान.
तंबोरा लावताना लोक श्वास रोखून बसतात.
टॅपेट लावताना
कोणी रोखल्याचं मला आठवत नाही.
आज चौघांनी रोखला.

पुन्हा दोरी. या खेपेला ते पेटलं,
पोत्यावर थरथरत उभं राहिलं,
मुलांचे ओठ हलले, टाळ्याही वाजल्या असाव्यात.
पण माझ्या तळव्याला काहीतरी खुपत होतं.
काय म्हणतंय?
"मस्त चाललंय काका!" तिघंही.

अन्वी पुढे आली.
माझं मनगट धरलं, आणि त्यावर बोटानं
टक टक टक,
नाही.
टक टक टक,
नाही.

एकोणीस वर्षांनी
मला कोणीतरी इंजिन ऐकवलं.

ठिणगी चुकतेय, मी म्हणालो,
बहुतेक जोरात म्हणालो, कारण सगळे दचकले.
बंद केलं. प्लगच्या वायरचं टोक जळून हिरवं पडलेलं,
अर्धा इंच कापलं, टोपी पुन्हा बसवली.
दोरी या वेळी अन्वीनं ओढली. तिसऱ्या झटक्याला.

शंभराचा बल्ब लागला,
त्या उन्हात दिसला न दिसल्यासारखा.
तिनं परत मनगट धरलं.
टक टक टक टक टक टक,
बोट थांबेचना,
आणि मीही काही वेळ सांगितलं नाही थांब म्हणून.

मग म्हटलं, पुरे, बंद कर.
घासलेट आता मिळत नाही,
पेट्रोल माझ्या खिशातलं आहे.