मागील तारखेपासून लागू

जालन्याच्या एमआयडीसीत, बियाणे कंपनीच्या
टाइम ऑफिसात मी एकोणीस वर्षांपासून बसतो.
माणूस येतो तेव्हा एक फॉर्म भरून घेतो,
जातो तेव्हा दुसरा.
यंदा दुसऱ्याचं पॅड दिवाळीआधीच संपलं.

कारणाच्या रकान्यात पोरं लिहितात, घरगुती.
निकहत शेखनं तेवढं मोकळं लिहिलं:
सातला येते, चारला सोडा.
नाहीतर माझा हिशोब करा.

ओल्या कागदात गुंडाळलेली कपाशी
तिच्याइतकी अचूक इथं कुणी मोजत नाही.
शेठनी पुण्याच्या सल्लागाराला विचारलं,
परिपत्रक निघालं : कामाच्या वेळा लवचिक.
शिक्का मीच मारला. जरा तिरपा पडला.

दगडूबा तौर नोटीस बोर्डासमोर
चष्मा कपाळावर चढवून उभा.
गोदामात चौतीस वर्षं, एक लेटमार्क नाही,
एकतीस तारखेला रिटायर.
"कामून बरं," म्हणाला,
"आमच्या टायमाला असं केलं असतं
तर बी उगवलं नसतं का?"

त्याची फाइल बंद करायला काढली.
तळाशी एक अर्ज,
टाचणीचा गंज कागदात उतरलेला.
सन अठ्ठ्याण्णव. मुलगी खो-खो खेळते,
मंगळवारी साडेचारला सोडावे,
बुधवारी भरून देईन.
शेरा : नियमात बसत नाही.

माझं कुणी विचारत नाही, मीही सांगत नाही.
बाराव्या दिवशी निकहत कागद उलगडते,
उगवलेलं इकडं, कुजलेलं तिकडं,
मधे चार दाणे उरतात टणक,
मेलेले नाहीत, उगवलेलेही नाहीत.
त्यांचाही एक रकाना असतो.

"साहेब, पगाराचा फरक मिळतो
तसा टायमाचा मिळतो का?"
मी हसलो. तोही हसला.
मग पंख्याचाच आवाज.

चारला निकहतनं स्कूटी काढली.
"चाचा, नाक्यापर्यंत सोडू?"
त्यानं घड्याळाकडं पाहिलं, मग माझ्याकडं.
मी रजिस्टरात मान घातली, म्हणालो,
"जावा दगडूबा. बुधवारी भरून द्या."

तो फाटकापर्यंत गेला.
तिला हात केला,
धूळ खाली बसेस्तोवर थांबला
आणि परत आला.
साडेपाचला पंच केला,
नेहमीसारखा, अंगठा आधी पँटला पुसून.