तीन नंबर

कॅमेऱ्याकडे नका बघू काका, माझ्याकडे बघा,
ऋता मणेरीकर म्हणते.
हेच वाक्य मी चाळीस वर्षं लोकांना ऐकवलं.
आज कळतं, किती अवघड असतं ते,
आणि हात कुठे ठेवायचे
हा केवढा मोठा प्रश्न असतो.

चारकोपच्या या खोलीत
तिने माझा पंखा बंद केलाय, फ्रिजची पिन काढलीय,
भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलंय. तारीख दिसायला नको.
तिला बावतीस तुस्कानोवर फिल्म करायचीय.
वसईचा बावतीस.
गिटार पार छातीशी धरणारा,
सामवेदीत शिव्या देऊन मराठीत गाणारा.
तो गेला तेव्हा ती बालवाडीत होती.
आईकडे कॅसेट होती, म्हणते,
बी साइड पार झिजलेली.

किती कॅमेरे होते त्या रात्री?

तीन.
एक नंबर समोर, पठारे.
दोन नंबर विंगेत, इनास.
मी तीन नंबर. माझ्या वाट्याला बावतीस नव्हताच.
कानात सारखं एकच: तीन नंबर, पब्लिक दे.
टाळ्या दे. ती नाचणारी पोरगी दे. म्हातारा नको.

धोबीतलावचं ते उघडं नाट्यगृह.
वर छप्पर नाही, शेजारी इस्पितळ.
चौथं गाणं संथ होतं, पब्लिक बसलेलं,
मी कंटाळून लेन्स वर उचलली.

खिडक्या.
तीन मजले खिडक्या, आणि खिडकी खिडकीत माणसं.
एक जण सलाइनचा स्टँड
नव्या नवरीसारखा जपून धरून
डुलत होता.
प्लास्टरातला एक पोरगा गजावर ठेका धरत होता,
ऐकू येत नव्हता, पण हात दिसत होता,
अर्धी मात्रा मागे.
एक नर्स सारखी घड्याळ बघत होती
आणि दिवा मालवत नव्हती.

तीन नंबर, कुठे मेलास?

मी कानातलं काढून गळ्यात अडकवलं.
चार मिनिटं अकरा सेकंद.
त्या कामाचे पैसे मला अर्धेच मिळाले.

पुढे पठारेच्या टेप बुरशीने खाल्ल्या.
इनासच्या टेपांवर कुणीतरी लग्न शूट केलं,
बावतीसच्या अंगावर आता
कुठल्याशा पाटलांच्या मुलीची हळद आहे.
माझी वाचली ती शैलामुळे.
घरात पाय ठेवायला जागा नाही
आणि यांच्या खिडक्या सांभाळा, म्हणायची,
आणि तांदळाच्या डब्यात, कडुलिंबाच्या पाल्यात
ती टेप तळाशी पुरायची.
दर महिन्याला डबा भरताना बाहेर काढायची,
पदराने पुसायची,
परत पुरायची.
कधी लावून बघूया म्हणाली नाही.
मीही म्हणालो नाही.

आवाज मिक्सरवरच्या कॅसेटवर सापडला. चित्र माझं.
मघाशी मणेरीकरने लॅपटॉपवर दाखवलं,
बावतीस गातोय, गातोय,
आणि दिसतायत फक्त ती माणसं.
मी विचारलं, अगं, यात तो कुठाय?
निर्माताही हेच विचारतो, म्हणाली,
आणि लॅपटॉप मिटला.

झालं काका. आता एक मिनिट कुणी बोलायचं नाही,
रूम टोन घ्यायचाय.

ठाऊक आहे मला.
प्रत्येक खोलीची शांतता निराळी,
एकीची दुसरीला चिकटवली की शिवण दिसते.
तिचा पोरगा बूम उंच धरतो.
लाल दिवा.
खाली कुणाच्या तरी कुकरची शिट्टी होते,
चालेल, असं ती हातानेच सांगते.
मी कॅमेऱ्याकडे बघत नाही,
डब्याकडे बघतो.
हल्ली तांदूळ किलोकिलोनेच आणतो मी,
झाकण उघडलं की बूड दिसतं.

चाळीस सेकंद.
आतून कुणीतरी, पुरे झालं आता, लावा तो फ्रिज, दूध नासेल,
असं म्हणेल म्हणून
मी कान देऊन बसतो.

मणेरीकर बोटांनी खुणावते:
अजून वीस.