तिसऱ्या गिअरातला आवाज

ज्वारी नावाचं गाव आहे तिकडे, जॉर्जियात.
आपल्याला कणसं आठवतात, त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ क्रूस.
तिथून मेस्तियाचा चढ लागतो,
आणि चढ लागला की नुगझारच्या मार्शरुत्कातून
आवाज येतो.

सपाटीवर नाही. उतारावर तर नाहीच.
न्यूट्रलला उभी करून रेस केली तर मुकी,
चोर फौजदारासमोर बसावा तशी.
तिसऱ्या गिअरात पाय दाबला रे दाबला
की खालून, कुठूनतरी डावीकडून
टक् टक् खर्र,
जणू कुणी घाईघाईनं पातेली लपवतंय.

सतरा सीटा, सतरा वैद्य.
मांडीवर चीजची टोपली घेतलेल्या एतेरीबाई म्हणतात, बेअरिंग.
त्यांच्या दिराच्या ट्रॅक्टरचं असंच झालं होतं,
आधी ट्रॅक्टर गेला, मग दीर.
भूगोलाचे मास्तर म्हणतात, सायलेन्सर.
मागचा पोरगा मोबाइल फरशीला लावून रेकॉर्ड करतो,
सगळ्यांना ऐकवतो,
त्यात ऐकू येतं एवढंच: बेअरिंग, बेअरिंग.

नुगझारनं महिनाभर रेडिओ मोठा ठेवला.
हाही एक इलाज.

त्सियाला असती तर पहिल्याच दिवशी बोलली असती.
अकरा वर्षं ती पुढच्या सीटवर बसून भाडं गोळा करायची,
सुटे पैसे मोजता मोजता मध्येच थांबायची:
पट्टा घसरतोय.
उजवं चाक बोलतंय.
आता ती बारीला, इटलीत,
एका परक्या म्हातारीला दर दोन तासांनी
या कुशीवरून त्या कुशीवर करते.
फोनवर विचारते, मागे कसला आवाज रे?
रस्त्याचा, म्हणतो नुगझार.

शेवटी झुगदिदीला, बसस्टँडमागच्या खड्ड्यापाशी, गोचा.
टायर फुटला तेव्हा याचा एक कान गेला, दुसरा अर्धा.
लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक तो इंजिनावर टेकवतो,
लाकडी मूठ दातांत धरतो,
डोळे मिटून कवळीतून ऐकतो.
काही नाही.
मग चिडला. रिकामी आणलीस?
रिकाम्या गाडीला काय दुखणार? माणसं घेऊन ये.

म्हणून दुपारच्या फेरीची सगळी माणसं
टोपल्यांसकट आत बसली, जागच्या जागी, बॉनेट उघडं,
हँडब्रेक ओढलेला, गिअर टाकलेला,
क्लच अर्धवट सोडून नुगझारनं पाय दाबला
आणि इंजिन एका बाजूनं उचललं गेलं,
गुडघ्यावर हात टेकून म्हातारं उठतं तसं.
खालचा पाइप फरशीला लागला.
टक्.

गोचानं मूठ दातांतून काढली.
माउंटिंगचं रबर.

हातात घेतलं तर केवढंसं, दोन तुकडे.
कधी फाटलं कोण जाणे.
गाडी उभी असली की एकमेकांवर टेकून होते,
बघणाऱ्याला अखंडच वाटावेत,
जोर लागला की सुटायचे.
नवीन मिळालं नाही, दुसऱ्या गाडीचं काढून बसवलं,
दीड तास, चाळीस लारी.
बेअरिंगही बघून घ्या, एतेरीबाई म्हणाल्या.

संध्याकाळी ज्वारी मागे पडलं.
तिसरा गिअर. पाय दाबला.
सतरा जण कान देऊन बसले,
आणि चढ नुसता चढ होता.
कुणीच काही बोलेना. मास्तर जरा नाराजच दिसले.
परक्याच्या गाडीत बसल्यासारखं वाटतंय, एतेरीबाई पुटपुटल्या.

तेवढ्यात फोन.
गाडी उभी केलीस का?
चालू आहे. चढावर. तिसऱ्यात.
ती थोडा वेळ गप्प. मग: खोटं.

नुगझारनं फोन मागे दिला,
पोरानं तो उकिडवं बसून फरशीला लावला
आणि धरून ठेवला, वळणामागून वळण.
खाली नदी, वर अंधार,
पलीकडून एक म्हातारी हाक मारत होती इटालियनमध्ये,
एकदा, दोनदा,
मग जरा मोठ्यानं.

त्सियालानं अजून फोन ठेवला नव्हता.