गार पाणी

गुरुवारी रात्री आम्ही ओडेलच्या घरी जमतो.
ती कोळंबीचा भात करते, मी बर्फ आणते,
लव्हर्न स्वतःची खुर्ची घेऊन येते, तिच्या कंबरेपायी.
मग पडद्यावर आमचंच गाव येतं,
जॉर्जियाच्या दलदलीतलं, वरून टिपलेलं,
इतकं हिरवं की ओळखू येऊ नये.

"अगं, हा तर आपला पेट्रोलपंप!" लव्हर्न ओरडते.
पन्नास वर्षं रोज दिसतो तो.

ऑगलट्री. तीन पिढ्या न्यायाधीश.
पुलाला त्यांचं नाव, शाळेला त्यांचं नाव,
माझ्या नवऱ्याला आत टाकलं त्या कागदावरही.
आता धाकट्याच्या मनगटात बेड्या
आणि आमचे घास हातातच राहतात.
खोटं कशाला बोलू, गोड लागतं.

पांढऱ्या खांबांच्या त्या घरात
कॅमेरा पुढच्या दारानं शिरतो,
बूट न पुसता,
सरळ जिना चढतो.
एकोणीस वर्षं त्यांचे कपडे धुतले मी.
जिना आज पाहिला.
"पडदे किती भिकार गं," ओडेल म्हणते,
आणि आम्ही हसतो, पोट दुखेस्तोवर.
रोझॅन प्रुइटचा फोटो येतो,
हॉटेलात ताटं उचलायची ती पोर,
तेव्हा थांबतो. पण लगेच नाही.

मग तो टक्कल पडलेला तपास अधिकारी सांगतो,
शर्ट काही शेवटपर्यंत सापडला नाही.

रक्ताला गार पाणी लागतं.
गरम ओतलंत तर डाग कापडात घर करतो.
त्या ऑगस्टात मागच्या दारी
बाईसाहेब स्वतः पिशवी घेऊन आल्या,
एरवी मोलकरीण द्यायची.
"मासे साफ करत होता," म्हणाल्या.
मी मान हलवली.
माशाच्या रक्ताला वास येतो.
बारीक निळी रेघ होती,
कॉलरला आतून नावाची अक्षरं.
कडक इस्त्री करून हँगरला लावून दिला.
दोन डॉलर पंचवीस सेंट.

"कुणाला तरी माहीत असणारच," ओडेल म्हणते.
"या गावात? सगळ्यांनाच," लव्हर्न म्हणते,
आणि पातेलं माझ्याकडे सरकवते.

पडद्याच्या कोपऱ्यात आकडे उतरू लागतात,
पुढचा भाग पाच, चार.
रिमोट माझ्याच मांडीवर आहे.
मी आणखी थोडा भात वाढून घेते.