एक तास मागे

समुद्राला आज वास येतोय.
पहाटेपासून ट्रॅक्टर किनाऱ्यावरचं शेवाळ ओढतोय,
तपकिरी, कुजकं, संपता न संपणारं.
म्हणून लॉबीत माझ्या टेबलापुढे रांग:
उद्या काय बघता येईल?

सहलींचं टेबल. वर पंखा, खाली मी,
छातीवर पाटी: नेल्मी.
आडनाव मावत नाही, असं मॅनेजर म्हणतो.
उइकाब.
मावलं असतं खरं तर.

वीब्के बाई एकट्याच, साठीच्या पुढच्या,
मनगटाला हॉटेलचा निळा पट्टा, नाक उन्हानं सोललेलं.
"ते जुनं शहर," म्हणतात, "पण रात्रीच्या जेवणाआधी परत."

मी नकाशा उलगडते.
साडेसहाला निघा. अडीच तास सरळ रस्ता,
दोन्हीकडे जंगल, झोपलात तरी चालेल.
पोचाल तेव्हा तुमच्या घड्याळात नऊ,
तिथल्या घड्याळात आठ.
राज्याची हद्द ओलांडली की एक तास फुकट मिळतो.
येताना तो परत द्यावा लागतो,
हे मी सहसा सांगत नाही.

टोपी. पाणी. सुटे पेसो.
वर चढायला बंदी आहे, गुडघ्यांना बरंच.
पायऱ्यांसमोर उभ्या राहा, एक टाळी वाजवा,
दगड पाखरासारखा ओ देतो.
आतून कोण बोलतं ते विचारू नका,
गाईडकडे तीन उत्तरं आहेत, बक्षिसी बघून देतो.
दुपारी सेनोते: जमिनीच्या पोटातलं गार पाणी.
उतरण्याआधी अंगाचं क्रीम धुऊन टाका,
तिथले मासे आंधळे आहेत, भोळे नाहीत.

"आणि ती माणसं," बाई विचारतात, "गेली कुठे?"

हा प्रश्न रोज येतो, साधारण अकराच्या सुमाराला.
कासिमिरा टॉवेलांची गाडी ढकलत समोरून जाते,
खांदा आणि कानात फोन दाबून
माया भाषेत आईशी भांडत.
गाडीचं एक चाक करकरतं.

टोपी विसरू नका, मी म्हणते.

पेन मात्र थांबत नाही.
फाटकातून आत, उजवीकडची वाट,
रामोनच्या झाडाखाली चौथं दुकान.
लाकडी मुखवटे, जग्वारसारखी गुरगुरणारी शिट्टी,
आणि ती फुंकणारा एलिहिओ.
भुवईवर व्रण असेल. माझ्या दगडाचा,
आठ वर्षांची होते मी.

दोन वर्षं बोललो नाही.
बापाची जमीन, एक कागद, एक सही.
मक्याच्या जागी आता कुणाचा तरी पोहण्याचा तलाव आहे.
सही भावाची होती.
माझ्या इंग्रजीच्या क्लासची फी त्याच पैशातून गेली.
हेही मी सहसा सांगत नाही.

"त्याच्याशी घासाघीस करा, आवडते त्याला.
फक्त आधी म्हणा: बाश का वालिक."
बाई घोळवून बघतात. बाश. का. वालिक.
"म्हणजे?"
काय म्हणतोस.
"एवढंच?"
एवढंच. आम्ही नमस्कार करत नाही, असं विचारतो.
"मग तो काय म्हणेल?"
मिश बाअल. काही नाही.
सगळे तेच म्हणतात, घर जळत असलं तरी.
पण तो थांबला,
आणि हे तुम्हाला कुणी शिकवलं म्हणाला,
तर...

फोन वाजतो. तीनशे बाराला डॉल्फिन हवेत,
आजच हवेत.
बाई नकाशाची घडी घालतात,
घडी नेमकी रामोनच्या झाडावरून जाते.
"बाश का वालिक," लिफ्टपर्यंत पुटपुटत राहतात,
दर वेळी थोडं वेगळं, थोडं चूक.

उद्या नऊला मी ह्याच खुर्चीत.
तिथे तेव्हा आठ.
थोरला असून तो माझ्या एक तास मागे आहे,
थांबायला हवं कुणीतरी.