गडगा

सोहारला, आमच्या मागच्या गल्लीत सिरिल राहतो.
रिफायनरीतून निवृत्त झाला, तरी परत गेला नाही.
शुक्रवारी सकाळी खलफानच्या खजुरांपाशी
दगडावर दगड रचत बसतो,
चुना नाही, सिमेंट नाही.
खलफान हसतो : बकऱ्या काय, उडी मारून येतीलच.

सिरिल म्हणतो, यॉर्कशरला वडील असेच बांध घालायचे,
धुक्यात, सुजल्या बोटांनी,
आणि पलीकडे मेंढ्या खोकायच्या
अगदी माणसांसारख्या.

मी म्हटलं, आमच्याकडे याला गडगा म्हणतात.
त्याने तीनदा म्हणून पाहिलं : गॅडगा. गॅडगा. गॅडगा.
मग एक चपटा दगड उचलून माझ्या हातात ठेवला,
शब्दाचे पैसे दिल्यासारखा.

आमच्या गडग्यावर शेवाळ असायचं, फटीत इंगळ्या.
दर वर्षी तो हातभर सरकायचा,
म्हणून नानू पेडणेकरांशी आमचा बारा वर्षं अबोला.
त्याला मी फक्त शेवाळ सांगितलं.
त्यानेही धुक्यापलीकडचं काही सांगितलं नाही.

फलजचं पाणी लिंबांच्या आळ्यांत शिरलं.
साळुंक्या आल्या, अंजिरांवर तुटून पडल्या.
"तुमच्याकडच्या," सिरिल चिडून म्हणाला.
खरंच. तोच पिवळा डोळा,
तीच कचकच,
कुणी बोलावलेलं नसताना.

उन्हं कलली तेव्हा एक बकरी नव्या बांधावर चढली,
थोडा वेळ समुद्राकडे बघत राहिली
आणि पलीकडे उतरली, लसूणघासात.
तिघांपैकी कुणीच तिला हाकललं नाही.